मांडवीकांठचा जुना सेतु आणि जुनीं घरें

नगर जिल्ह्यांत (हल्लीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) प्रवरेच्या कांठीं नेवासें हें क्षेत्र आहे. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी तेथें सांगितली गेली, हें शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. परंतु त्याच गांवीं श्रीमोहिनीराजांचें देवस्थान आहे आणि गोमंतकांतील म्हार्दोळ येथील श्रीम्हाळसा नारायणी ही मूळची या नेवाशाचीच, अशी परंपरागत श्रद्धा आहे, ही गोष्ट घाटावरील पुष्कळांच्या कानांवर आलेली नसते. दैवत एक आणि स्थानें दोन. मध्यें सह्याद्रीची भिंत. तरी श्रद्धेचा धागा या भिंतीवरूनहि अखंड गेलेला आहे.

म्हार्दोळास जाणारे यात्रेकरू बहुधा पणजीस उतरतात आणि तेथून जुनें गोवें, बाणस्तारी, मंगेशी या मार्गानें पुढें जातात. पणजी सोडतांच जी वाट लागते ती रायबंदर गांवापर्यंत सुमारें तीन किलोमीटर पाण्याच्या संगतीनें जाते. डाव्या हातास मांडवीचें विस्तीर्ण पात्र आणि उजव्या हातास मिठागरांची व तिवरांची सखल भूमि. गाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्यास ती एक साधी सडक वाटते. वस्तुतः ती सडक नसून सेतु आहे, आणि तो १६३३–३४ या सालांत बांधलेला आहे. म्हणजे श्रीशिवछत्रपति त्या वेळीं अवघे तीन-चार वर्षांचे होते.

या सेतूची व त्या कांठच्या जुन्या घरांची हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे. ती केवळ एक दूरदेशची कौतुकाची गोष्ट म्हणून नव्हे. जुनी वास्तु टिकते ती कशानें आणि पडते ती कशानें, या प्रश्नाचें उत्तर तिच्यांत सांपडतें. आणि तो प्रश्न आज आपल्यापैकीं प्रत्येक मोठ्या घरापुढें उभा आहे.

पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें १५१० सालीं. त्यांची राजधानी म्हणजे आज ज्यास आपण जुनें गोवें म्हणतों तें शहर. पणजी हें त्या काळीं नदीच्या मुखाकडील एक लहानसें ठाणें होतें. आदिलशहाचा नदीकांठचा वाडा आणि भोंवतालीं पुष्कळशी दलदल, असें त्याचें स्वरूप होतें. पणजी व रायबंदर यांच्यामध्यें भरतीचें पाणी पसरे, त्यामुळें पायीं जाणाऱ्यास सरळ वाट नव्हती. १६२९ पासून १६३५ पर्यंत लिन्यारिसचा काउंट मिगेल द नोरोन्य हा विजरई होता. त्याच्या कारकीर्दींत हा सेतु सिद्धीस गेला आणि त्याच्याच पदवीवरून ‘पोंत द लिन्यारिस’ हें नांव त्यास मिळालें. ज्यांनीं खाणींतून चिरे काढले, डोक्यावरून वाहिले आणि कमरेएवढ्या चिखलांत उभें राहून पाया भरला, त्यांचीं नांवें इतिहासास ठाऊक नाहींत.

सेतूचा दगड म्हणजे कोंकणांतील जांभा. हा दगड मोठा विलक्षण. खाणींतून काढतांना तो हत्यारानें सहज तासतां येतो. पण एकदां वारा व ऊन लागलें म्हणजे दिवसेंदिवस कठीण होत जातो. असा हा दगड घेऊन पुष्कळशा लांबीचा भरीव बांध घातला, आणि जेथें जेथें ओहोळ व खाड्या होत्या तेथें तेथें कमानी ठेवून पाण्यास वाट मोकळी सोडली. या दुसऱ्या गोष्टींतच खरें शहाणपण आहे. भरतीचें पाणी कमानींतून आंत जातें आणि ओहोटीस परत येतें. सेतु पाण्यास अडवीत नाहीं. त्याची ये-जा मान्य करून आपण उभा राहतो.

हें शहाणपण कांहीं लिस्बनहून गलबतांत घालून आणावें लागलें नसेल, असें आम्हांस वाटतें. कारण गोमंतकीय शेतकरी तें पूर्वापार जाणत आला आहे. खाडीच्या कांठीं बांध घालून खारट पाणी बाहेर ठेवावें आणि आंतील जमिनींत भात पिकवावें, या पद्धतीच्या जमिनीस तिकडे ‘खाजन’ म्हणतात. अशी जमीन गोमंतकांत सुमारें १८,००० हेक्टर असल्याचें सांगतात. बांधास जागोजाग दारें असतात. त्यांस ‘मानस’ हें नांव आहे. भरती लोटली कीं दार मिटतें, ओहोटी लागली कीं उघडतें आणि आंतील फाजील पाणी निघून जातें. मिठागरांचीहि तीच तऱ्हा. पावसाळा सरला म्हणजे खारें पाणी दारानें आंत घ्यावयाचें, लहान लहान वाफ्यांत तें उन्हानें आटूं द्यावयाचें आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं मीठ उचलावयाचें. पण या सर्व व्यवस्थेचा प्राण एकाच गोष्टींत आहे. ती म्हणजे दरसालची डागडुजी. खेकड्यानें बांधास पाडलेलें बीळ लहान असतांनाच बुजविलें पाहिजे. तें एक पावसाळा तसेंच राहिलें तर दुसऱ्या पावसाळ्यांत बांध फुटतो आणि शेत कित्येक वर्षें नापीक होतें. म्हणून गांवकरी संस्थेनें ही डागडुजी कोणाच्या मर्जीवर सोडली नाहीं. ती सर्वांचें सामाईक कर्तव्य ठरवून ठेविली.

या सेतूनें पाहिलेल्या गोष्टी कांहीं थोड्या नाहींत. तो पन्नास वर्षांचा झाला तेव्हां, १६८३ च्या नोव्हेंबर महिन्यांत, संभाजी महाराजांच्या फौजेनें मांडवीच्या पात्रांतील जुवें बेटाचा किल्ला घेतला. विजरई काउंट आल्व्होर जातीनें चालून गेला तो पराभव पावून व जखमी होऊन परतला. पुढें सांथीच्या रोगांनीं जुनें गोवें ओस पडूं लागलें. १६९५ सालीं विजरईंनीं आपलें राहणें पणेलीं येथें नेलें, १७५९ सालीं तें पणजीच्या आदिलशाही वाड्यांत आलें, आणि १८४३ सालीं पणजी ही रीतसर राजधानी झाली. जुन्या गोव्यांतील पडक्या इमारतींचे चिरे पणजीच्या नव्या बांधकामांस लागले. एक शहर हळूहळू उठून दुसऱ्या ठिकाणीं जाऊन बसलें, आणि त्या दोहोंमधील जमिनीची वाट म्हणजे हा सेतु होता.

आतां याच नदीवरील दुसऱ्या एका पुलाची गोष्ट. १९६१ च्या डिसेंबरांत गोमंतक मुक्त झाल्यावर पणजी व पर्वरीची बाजू यांस जोडणारा मोठा पूल मांडवीवर बांधण्यांत आला. तो १९७० सालीं रहदारीस खुला झाला व त्यास पंडित नेहरूंचें नांव दिलें गेलें. ५ जुलै १९८६ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, तो कोसळला. त्याचें वय अवघें सोळा वर्षांचें! कारण शोधतां असें आढळलें कीं, काँक्रीटच्या पोटांत ताणून बसविलेल्या पोलादी तारांस खाऱ्या हवेनें गंज चढला होता. त्यानंतर नवा पूल होईपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, लोकांस पुनः नावांचा व फेरीबोटींचा आश्रय करावा लागला. आज तेथें नवे पूल आहेत, आणि २०१९ च्या जानेवारींत त्यांच्याहि डोक्यावरून जाणारा अटल सेतु सुरू झाला आहे.

यावरून ‘जुनें तें सोनें’ असा झटपट निष्कर्ष कोणी काढूं नये. दोहों कामांत अंतर आहे. जुना सेतु उथळ दलदलीवरून जातो. नव्या पुलास खोल पात्र ओलांडून खालून जहाजांस वाट द्यावयाची होती. तें काम जांभ्या दगडाच्या आवांक्यांतील नव्हे. परंतु एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जुन्या सेतूचा रोग बाहेरून दिसतो. चिरा सुटला, चुना झडला, कमानींत पिंपळ उगवला, तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस तें पडतें आणि गवंड्यास बोलावतां येतें. नव्या पुलाचा रोग आंत होता. वरून तो गुळगुळीत व धडधाकट दिसत होता. जें बिघडलेलें दिसत नाहीं त्याची नियमानें तपासणी केली नाहीं, तर त्याचा बिघाड कळतो तो शेवटच्या दिवशींच.

सेतूपासून आतां घरांकडे वळूं. पणजीच्या टोंकास सेतु संपतो तेथून जवळच फोंतेन्यस नांवाचा मोहल्ला आहे. मोझांबिकांत द्रव्य मिळवून परत आलेल्या एका गोमंतकीय गृहस्थानें अठराव्या शतकाच्या अखेरीस तो वसविला. अरुंद गल्ल्या, पिवळ्या-निळ्या-तांबड्या रंगाच्या भिंती, रस्त्यावर झुकलेले सज्जे, असें त्याचें रूप आहे. हीं बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचीं घरें; त्यांचें मुख रस्त्याकडे. गोमंतकांतील हिंदूंचें जुनें घर याच्या उलट असतें. बाहेरून तें साधें, क्वचित् उदासहि दिसतें. पण आंत शिरतांच मधोमध मोकळें राजांगण, त्यांत तुळशीवृंदावन, चहूं बाजूंस ओसरी, आंतल्या अंगास देवघर, आणि खिडक्यांस काचेऐवजीं शिंपल्यांचीं अर्धपारदर्शक तावदानें, असा सर्व थाट दृष्टीस पडतो. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं चार वर्षें सोडल्यास, गोमंतकावर धर्मसमीक्षण सभेची म्हणजे इन्क्विझिशनची छाया होती. १५६७ सालीं वेर्णें येथील म्हाळसेचें देऊळ पाडलें गेलें आणि देवीस नदीपलीकडे अंत्रुज महालांत, म्हार्दोळास, आश्रय घ्यावा लागला, हें वाचकांस ठाऊक असेलच. ज्या प्रांतांत देवांसच घर सोडावें लागलें, त्या प्रांतांतील घरानें आपलें तोंड आंतल्या अंगणाकडे ठेविलें तर त्यांत नवल कसलें?

पणजींत आदिलशाही वाड्याच्या शेजारींच म्हामाय कामत या सारस्वत घराण्याचें जुनें घर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व एकोणिसाव्याच्या आरंभीं हें घराणें मोठें व्यापारी व दलाल म्हणून प्रसिद्ध होतें. पोर्तुगीज सरकारशीं, फ्रेंचांशीं आणि किनाऱ्यावरील इतर व्यापाऱ्यांशीं त्यांचा व्यवहार चाले. सांगण्याची गोष्ट ही कीं, या एकत्र कुटुंबाच्या घरांत पिढ्यान्पिढ्या कागद सांठत गेले. हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार, करारमदार; त्यांत पोर्तुगीज व फ्रेंच भाषांतील कागद आहेत तसे आपल्या मोडीचेहि आहेत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत ते पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रांत आले आणि डॉ. तेओतोनियु द सोझा प्रभृति संशोधकांनीं त्यांचा उपयोग करून लेख लिहिले. सरकारी दप्तरांत जें आढळत नाहीं तें येथें आढळलें. फ्रेंच लोक गोव्याच्या बंदरांतून गुलामांची खरेदी-विक्री करीत, त्याचेहि तपशील या कागदांत निघाले. म्हणजे घरच्या दप्तरांत गौरवाच्याच गोष्टी असतात असें नाहीं. त्यांत मान खालीं घालावयास लावणाऱ्या गोष्टीहि असतात. पण ज्या कुळानें हे कागद जाळले नाहींत, विकले नाहींत, त्या कुळानें सर्व देशाच्या इतिहासावर उपकार केले आहेत.

येथवर टिकलेल्या वस्तूंची कथा झाली. न टिकणाऱ्या घरांची कथाहि सांगितली पाहिजे. गोमंतकांतील गांवोगांवीं मोठमोठीं घरें कुलुपें लावलेलीं आढळतात. याचें एक कारण म्हणजे पोटासाठीं झालेलें स्थलांतर, हें उघड आहे. दुसरें कारण कायद्याच्या पोटांत आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून तेथें लागू झाला. त्या कायद्यानें मुलगा व मुलगी यांस वडिलार्जित मिळकतींत सारखा वांटा मिळतो आणि वारसांस अर्ध्या मिळकतीच्या हक्कापासून वंचित करतां येत नाहीं. हें तत्त्व अत्यंत न्याय्य आहे. आपल्याकडे सर्व कन्यांस जन्मसिद्ध हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावें लागलें. परंतु तीन पिढ्या वांटणी झालीच नाहीं म्हणजे एका घराचे तीस-चाळीस मालक होतात. कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला, कोणी आखाती देशांत. कौल फुटला तर तो बदलण्याचा अधिकार सर्वांस असतो, आणि म्हणूनच तें काम कोणीहि करीत नाहीं. भिंत शाबूत दिसत असते. गंज चढलेला असतो तो आंतल्या तारांस. त्या तारा म्हणजे परस्परांतील बोलणें-चालणें, हिशेब व विश्वास.

मग जीं घरें टिकलीं तीं कशानें? गोमंतकांतील उत्तर फार साधें आहे. तिकडे गणपति बहुधा मूळ घरींच आणतात. भाऊ विभक्त झाले, दूरदेशीं गेले, तरी चवथीस सर्वांनीं मूळ घरीं जमावयाचें, हा नियम. देव यावयाचा म्हणून आधीं घर उघडलें पाहिजे, झाडलें पाहिजे, भिंतींस रंग दिला पाहिजे, गळकें कौल पाहिलें पाहिजे. आणि देवापुढें माटोळी बांधावयाची म्हणून रानांतील फळें-पानें गोळा करण्यास मुलांस डोंगरांत धाडलें पाहिजे. खर्च वांटून घेतला जातो, त्या निमित्तानें मागचे हिशेब निघतात, रुसवे निघतात आणि मिटतातहि. ही केवळ धर्मश्रद्धा नव्हे. खाजनाच्या बांधाची जी दरसालची डागडुजी, तीच येथें उत्सवाच्या रूपानें घरास लागू केलेली आहे. ज्या कुळाची चवथ मूळ घरांतून उठली, त्या घराचें छप्पर पुढें फार वर्षें राहत नाहीं, असा अनुभव तिकडील जाणते लोक सांगतात.

आतां आपल्या देशावर दृष्टि टाकूं. नेवासें, संगमनेर, कोपरगांव, श्रीगोंदें, पाथर्डी, कोठेंहि जा. माळवदाचे जुने वाडे अजून उभे आहेत. माळवदाचा धर्म सर्वांस ठाऊक आहे. मृगापूर्वीं दरसाल वर चढून पांढरी माती पसरावयाची, भेगा बुजवावयाच्या आणि पन्हाळीं साफ करावयाचीं. दोन वर्षें हें काम चुकलें तर तिसऱ्या वर्षीं तुळईस पाणी लागतें, आणि तुळई कुजली म्हणजे वाडा बसावयास उशीर लागत नाहीं. पूर्वीं हें काम करण्यास घरांत दहा माणसें असत. आज वाड्यांत कोणी वयोवृद्ध जोडपें असतें, किंवा नुसतें कुलूप. आणि पुण्या-मुंबईचे व त्याहूनहि दूरचे सात-आठ भागीदार सातबारा व सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मात्र एकत्र नांदत असतात.

वाडा राखणें प्रत्येकास शक्य होईल असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक वाडे पाडावेच लागतील, आणि नव्या पिढीनें सोयीच्या घरांत राहावें यांत गैर कांहींच नाहीं. परंतु दोन गोष्टी तरी प्रत्येक कुटुंबास करतां येण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, वर्षांतून एक दिवस ठरवावा. कुळधर्माचा असो, नवरात्रांतील असो कीं वडिलांच्या पुण्यतिथीचा असो. त्या दिवशीं सर्व भागीदारांनीं मूळ घरीं जमावें, माळवदावर स्वतः चढून पाहावें, ठरलेली वर्गणी सामाईक निधींत टाकावी आणि हिशेब मोठ्यानें वाचून दाखवावा. लेकी-जांवयांसहि त्यांत बोलवावें. आतां त्याहि भागीदार आहेत. एका वर्षीं एका भावानें, दुसऱ्या वर्षीं दुसऱ्यानें कारभार पाहावा, म्हणजे भार एकावर पडत नाहीं आणि संशयहि एकावर राहत नाहीं.

दुसरी गोष्ट कागदांची. माळ्यावर, कडीपाटाच्या फटींत, जुन्या पेटीच्या तळाशीं मोडी कागदांचे रुमाल अजून पडलेले आहेत. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली. म्हणून आजच्या मुलांस ते निरर्थक रेघोट्यांसारखे वाटतात आणि वाडा पाडतांना रद्दीच्या गाडीवर जातात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, तो वाईस एका घरीं सांपडलेल्या अशाच कागदांच्या बळावर. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हें काम करीत आहे. आपल्या नगरांतहि १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे व तेथें मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. ज्यास घरीं जपवत नाहीं त्यानें अशा ठिकाणीं द्यावे. पण वाचल्यावांचून टाकूं नयेत. त्यांत कदाचित् एखाद्या विहिरीचा वाद निघेल, कदाचित् कर्जाची खतें निघतील, कदाचित् आपल्या पूर्वजानें कोणावर केलेला अन्यायहि निघेल. तोहि आपलाच वारसा आहे, आणि तो नाकारून बाकीचा मात्र घेतां येत नाहीं.

वर्षांतला तो दिवस कोणी फार दूर ढकलूं नये. ज्यांचा वाडा आहे त्यांनीं मृगापूर्वीं एकदां माळवद पाहून यावें. ज्यांस म्हार्दोळचा कुळधर्म आहे त्यांनीं पुढील खेपेस ओहोटीची वेळ साधून रायबंदरच्या वाटेवर क्षणभर थांबावें आणि सेतूच्या कमानींखालीं दृष्टि टाकावी. जवळजवळ चारशें वर्षें पाणी त्यांच्यांतून आंत-बाहेर करीत आहे, आणि वरून माणसें चाललीं आहेत.